लिथियम-गंधक सेल : गंधक वाढवला, इलेक्ट्रोलाइट कमी केले आणि तिसाव्या चक्रातच सेल संपला. दोष कॅथोडचाच समजायचा का?

प्रश्न : तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

लिथियम-गंधक बॅटरीच्या कॅथोडवर, म्हणजे गंधक असलेल्या धन अग्रावर, मी पीएच.डी. करीत असून सध्या माझे तिसरे वर्ष चालू आहे. सूक्ष्म छिद्रांच्या कार्बनमध्ये कोबाल्टचे बारीक कण बसवायचे, १५५ अंश सेल्सिअसला वितळलेला गंधक त्या छिद्रांत शिरू द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळी तयार होणारी पॉलिसल्फाइडे (लिथियम व गंधकाच्या साखळीची संयुगे) इलेक्ट्रोलाइटमध्ये, म्हणजे दोन अग्रांमधल्या आयनवाहक द्रवात, विरघळून लिथियमकडे निघून जाण्याआधीच कोबाल्टच्या पृष्ठभागावर त्यांचे पुढचे रूपांतर घडवून आणायचे, अशी या कामामागची कल्पना आहे. पहिल्या दोन वर्षांत कॉइन सेलमध्ये (नाण्याच्या आकाराच्या छोट्या सेलमध्ये) समाधानकारक निकाल मिळाले. दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम गंधक आणि दर मिलिग्रॅम गंधकाला २० मायक्रोलिटर इलेक्ट्रोलाइट घेऊन केलेल्या सेलने चार्ज-डिस्चार्जची ५०० चक्रे पूर्ण केली आणि तोपर्यंत सुरुवातीच्या क्षमतेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग टिकून होता.

गेल्या सहामाहीत मार्गदर्शकांनी व्यवहारात चालतील असे सेल करून पाहण्यास सांगितले. त्याप्रमाणे गंधक दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिग्रॅमपर्यंत वाढवला आणि इलेक्ट्रोलाइट दर मिलिग्रॅम गंधकाला ४ मायक्रोलिटरवर आणले. बाकी काहीही बदलले नाही. कॅथोडची चकती १२ मिलिमीटर व्यासाची, लिथियमची चकती ४५० मायक्रोमीटर जाडीची आणि इलेक्ट्रोलाइट नेहमीचेच आहे, म्हणजे डायऑक्सोलेन व डायमेथॉक्सीइथेन समप्रमाणात, त्यात १ मोलर लिथियम टीएफएसआय हा क्षार आणि वजनाने २ टक्के लिथियम नायट्रेट. पहिली पंचवीस चक्रे दर ग्रॅम गंधकामागे १००० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास क्षमता मिळते. मग तीन-चार चक्रांतच ती निम्म्याहून खाली येते आणि त्याच सुमारास चार्जचा आलेख २.३५ व्होल्टजवळ आडवा होऊन राहतो. चार्ज संपतच नाही. सहा सेल केले आणि सहाही सव्वीस ते चौतीस चक्रांच्या दरम्यान गेले.

माझा प्रश्न असा आहे की, कोबाल्ट असलेल्या माझ्या कार्बनचा उपयोग नाही, हाच याचा अर्थ घ्यावा का? कार्बन आणखी सुधारावा असे मार्गदर्शकांचे मत आहे, तर पहिल्या दोन वर्षांचे आकडेच प्रबंधात द्यावेत असे एका ज्येष्ठ सहकाऱ्याचे म्हणणे आहे. दुसरा मार्ग मला मनापासून पटत नाही, आणि पहिल्या मार्गाने जायचे तर नेमके काय सुधारायचे हे कळत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : द्रावणातला माणूस

आपण आकडे पूर्ण दिले आहेत, त्यामुळे अंदाज न करता थेट हिशेब करता येतो.

बारा मिलिमीटर व्यासाच्या चकतीचे क्षेत्रफळ १.१३ चौरस सेंटिमीटर भरते. जुन्या सेलमध्ये १.१३ मिलिग्रॅम गंधक होता आणि त्याला २० मायक्रोलिटरच्या प्रमाणाने २२.६ मायक्रोलिटर इलेक्ट्रोलाइट मिळाले. नव्या सेलमध्ये ५.६५ मिलिग्रॅम गंधक आहे आणि त्याला ४ मायक्रोलिटरच्या प्रमाणाने मिळाले तेही २२.६ मायक्रोलिटरच. म्हणजे प्रमाण पाचपट कमी झाले असे कागदावर दिसत असले, तरी आपण दोन्ही सेलमध्ये घातलेला थेंब अगदी तेवढाच आहे. त्या थेंबाचे वजन सुमारे २५ मिलिग्रॅम, म्हणून त्यातले लिथियम नायट्रेट सुमारे अर्धा मिलिग्रॅम, आणि हा अर्धा मिलिग्रॅमही दोन्हीकडे सारखाच आहे.

आता लिथियमच्या बाजूने पाहू. लिथियमचा १ मायक्रोमीटर जाडीचा थर दर चौरस सेंटिमीटरला ०.२०६ मिलिअँपिअर-तास प्रभार देतो. जुन्या सेलमध्ये दर चक्राला सुमारे १ मिलिअँपिअर-तास प्रभार जात-येत होता, म्हणजे लिथियमचा जेमतेम ५ मायक्रोमीटरचा थर विरघळून पुन्हा बसत होता. नव्या सेलमध्ये तोच थर २४ मायक्रोमीटरचा झाला आहे. पुन्हा बसणारे लिथियम सपाट बसत नाही. ते शेवाळासारखे सच्छिद्र बसते आणि त्याचा प्रत्येक नवा पृष्ठभाग इलेक्ट्रोलाइटशी अभिक्रिया करून स्वतःवर एक आवरण तयार करतो. नायट्रेट खर्च होते ते इथेच. त्याच्या अभिक्रियेतून तयार होणारे आवरण पॉलिसल्फाइडांना लिथियमपासून दूर ठेवते, हे २००९ साली डोरॉन ऑरबाख यांच्या गटाने पृष्ठभागाच्या रसायनासह नीट मांडले होते. परंतु दर चक्राला नवा पृष्ठभाग उघडा पडत राहिला, तर हे आवरण दर चक्राला नव्याने घालावे लागते, आणि साठा आहे अर्धा मिलिग्रॅमचा.

आपल्या सेलचा चार्ज २.३५ व्होल्टजवळ आडवा होतो, ही या साऱ्या वर्णनातली सर्वांत बोलकी गोष्ट आहे. कॅथोडवर चार्ज होऊन तयार झालेली लांब साखळीची पॉलिसल्फाइडे लिथियमकडे जातात, तिथे त्यांची साखळी तुटते, आखूड झालेली पॉलिसल्फाइडे परत कॅथोडकडे येतात आणि पुन्हा चार्ज होतात. ही ये-जा सुरू झाली की बाहेरून कितीही प्रभार दिला तरी तो या फेऱ्यांतच संपतो. पहिली पंचवीस चक्रे असे घडले नाही आणि नंतर एकाएकी घडू लागले. कार्बनची पकड सुरुवातीपासूनच अपुरी असती, तर ही ये-जा पहिल्या चक्रापासून थोडीफार दिसली असती. इतक्या उशिरा आणि इतक्या अचानक ती सुरू होते, तेव्हा काहीतरी शिल्लक होते ते संपले, असे समजणे अधिक योग्य ठरते. माझ्या मते नायट्रेट आधी संपले आहे आणि त्याच्या पाठोपाठ द्रवही कमी पडू लागला आहे.

मात्र हे माझे अनुमान आहे, सिद्धता नव्हे, आणि सिद्धतेचा मार्ग आपल्या हातात आहे. संपलेले सेल ग्लव्हबॉक्समध्येच, म्हणजे हवा व ओलावा नसलेल्या बंद पेटीतच, उघडावेत. एकातला जुना कॅथोड घेऊन त्याला नवे लिथियम, नवा सेपरेटर (दोन्ही अग्रांमधला सच्छिद्र पडदा) आणि नवे इलेक्ट्रोलाइट द्यावे. दुसऱ्यातले जुने लिथियम घेऊन त्याला नवा कॅथोड आणि नवे इलेक्ट्रोलाइट द्यावे. तिसऱ्यात कॅथोड व लिथियम दोन्ही जुने ठेवून फक्त इलेक्ट्रोलाइट नवे घालावे. प्रत्येक प्रकारचे किमान तीन सेल करावेत, कारण एकाच सेलवरून या विषयात काहीही म्हणता येत नाही. सेल उघडण्याआधी तो पूर्ण डिस्चार्ज झालेला असावा, म्हणजे गंधकाचा बराचसा भाग घन लिथियम सल्फाइडच्या रूपात कॅथोडवर असेल. मध्येच उघडल्यास द्रावणात असलेली पॉलिसल्फाइडे जुन्या सेपरेटरबरोबर फेकली जातील आणि कॅथोडची क्षमता नाहक कमी दिसेल.

एक काळजी जरूर घ्यावी. शेवाळी झालेले लिथियम मूळच्या पत्र्यापेक्षा फार लवकर पेट घेते, आणि सल्फाइड लागलेल्या वस्तू बाहेरच्या दमट हवेत आल्या की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. उघडलेल्या सेलचे भाग कचऱ्यात टाकण्याआधी त्यांची विल्हेवाट कशी लावायची, हे प्रयोगशाळेतल्या जबाबदार व्यक्तीला विचारून आधीच ठरवून घ्यावे.

उत्तर : पाउच सेलच्या (पिशवीसारख्या वेष्टनातल्या चपट्या सेलच्या) बाजूने

वरच्या उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, पण कॅथोडला पूर्ण निर्दोष ठरवू नये असे मला वाटते. आपल्या कॅथोडचा थर किती जाड आहे आणि त्यात किती पोकळी आहे, हे आपण लिहिलेले नाही. समजा, थर १५० मायक्रोमीटर जाडीचा आहे आणि त्यातला ७० टक्के भाग पोकळ आहे. मग दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०.५ मायक्रोलिटर द्रव कॅथोडची छिद्रे भरण्यातच जातो. आपण दर चौरस सेंटिमीटरला २० मायक्रोलिटर दिले आहेत, त्यातले निम्म्याहून अधिक एकट्या कॅथोडने शोषून घेतले. २५ मायक्रोमीटरच्या सेपरेटरला त्या मानाने जेमतेम १ मायक्रोलिटर लागतो. शिवाय कॉइन सेलमध्ये स्प्रिंग आणि धातूच्या चकतीभोवतीच्या फटींत काही द्रव अडकून राहतो, तो वेगळाच.

गंधकाला धरून ठेवण्यासाठी भरपूर छिद्रे असलेला कार्बन घ्यावा, ही दिशा २००९ साली लिंडा नाझर यांच्या गटाने व्यवस्थित रचनेच्या सच्छिद्र कार्बनमध्ये गंधक भरून दाखवला तेव्हापासून या क्षेत्रात रुजली. त्या कामाने विषयाला खरी गती दिली, याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण तेव्हा प्रश्न होता गंधकाची क्षमता बाहेर काढता येते का, हा. आज तो प्रश्न बराचसा सुटला आहे आणि त्याच छिद्रांनी द्रव पिऊन टाकण्याचा नवा प्रश्न पुढे आला आहे. म्हणून मार्गदर्शक कार्बन सुधारा म्हणतात ते चुकीचे नाही; फक्त सुधारणेचे माप वेगळे हवे. पॉलिसल्फाइडे किती घट्ट धरली यापेक्षा, तेवढ्याच क्षमतेसाठी कार्बन किती कमी द्रव मागतो, हे मोजावे. कॅथोडचा थर रोलरमधून दाबून पोकळी कमी करून पाहावी आणि कोबाल्टचे कण त्या दाबलेल्या थरातही आपले काम करतात का, हे तपासावे.

द्रवाबद्दल मी इतका आग्रह का धरतो, ते एका हिशेबाने सांगतो. १ ग्रॅम गंधक १२०० मिलिअँपिअर-तास देतो आणि सेलचा सरासरी विद्युतदाब २.१ व्होल्ट असतो असे धरल्यास २.५२ वॅट-तास ऊर्जा मिळते. त्यासाठी कार्बन व बाइंडर (कण एकत्र चिकटवणारा पदार्थ) मिळून ०.४ ग्रॅम आणि गरजेच्या दुप्पट लिथियम, म्हणजे ०.६२ ग्रॅम, घ्यावे. इलेक्ट्रोलाइट दर मिलिग्रॅमला १५ मायक्रोलिटर असेल, तर त्याचे वजन सुमारे १६.५ ग्रॅम होते, एकूण वजन साडेअठरा ग्रॅम भरते आणि किलोमागे १३६ वॅट-तास हाती लागतात. हे वेष्टन आणि धातूचे पत्रे न धरता. आज बाजारात मिळणारे चांगले लिथियम-आयन सेल वेष्टनासकट २५० च्या पुढे आहेत. तेच इलेक्ट्रोलाइट ३ मायक्रोलिटरवर आणले, तर एकूण वजन ५.३ ग्रॅम होते आणि आकडा ४७० च्या पुढे जातो. लिथियम-गंधकाची सैद्धांतिक ऊर्जा किलोमागे सुमारे २६०० वॅट-तास सांगितली जाते; ती प्रत्यक्षात उतरणार की नाही हे बहुतांशी या एका द्रवाच्या वजनावर ठरते. आपले २० मायक्रोलिटरचे सेल कितीही चक्रे चालले, तरी त्यांच्यावरून हलक्या बॅटरीबद्दल काही विधान करता येत नाही. ४५० मायक्रोमीटरच्या लिथियमचेही तसेच आहे. त्यात दर चौरस सेंटिमीटरला ९३ मिलिअँपिअर-तास साठा आहे आणि जुन्या सेलमध्ये त्यातला एखादाच वापरला जात होता, त्यामुळे लिथियम कितीही वाया गेले तरी सेलला त्याची झळ लागत नव्हती.

ज्येष्ठ सहकाऱ्याच्या सूचनेबद्दल स्पष्ट लिहितो. जुने आकडे खरे आहेत, म्हणून ते प्रबंधात अवश्य द्यावेत, पण गंधकाचे प्रमाण, इलेक्ट्रोलाइटचे प्रमाण आणि लिथियमची जाडी या तीन गोष्टी त्याच तक्त्यात, त्याच ठळकपणे लिहाव्यात. शोधनिबंध वाचताना मी आधी या तीन गोष्टी शोधतो, आणि त्या पुरवणी मजकुरात कुठेतरी तळाशी सापडल्या की मनाला वाईट वाटते, कारण पुढचा विद्यार्थी त्याच आकड्यांच्या मागे वर्ष घालवतो.

कमी चक्रे चालणाऱ्या सेलचा उपयोगच नसतो, असेही मानू नये. २०१० साली झेफिर हे सौरऊर्जेवर चालणारे मानवरहित विमान सलग चौदा दिवस हवेत राहिले, तेव्हा रात्रीच्या उड्डाणासाठी त्यात लिथियम-गंधक बॅटऱ्या होत्या. तिथे वजन सर्वांत महत्त्वाचे होते आणि रात्री मोजक्या. मोटारीसाठी हजाराहून अधिक चक्रे हवीत, ही अट प्रत्येक प्रबंधाने स्वतःवर लादून घेण्याचे कारण नाही.

उत्तर : ग्लव्हबॉक्स क्रमांक दोन

वरच्या दोन्ही उत्तरांत सांगण्यासारखे बरेच येऊन गेले आहे, म्हणून फक्त हाताच्या कामाविषयी लिहितो.

बावीस मायक्रोलिटर द्रव पिपेटने घालताना खरोखर किती पडतो, हे एकदा वजन करून पाहावे. डायऑक्सोलेन ७५ अंशांच्या आसपास आणि डायमेथॉक्सीइथेन ८५ अंशांच्या आसपास उकळते, त्यामुळे ग्लव्हबॉक्समध्ये सेल बंद करण्यास एखादे मिनिट अधिक लागले तरी थेंबातला काही भाग उडून जातो. आमच्याकडे एका सहकाऱ्याचे सेल सतत इतरांपेक्षा लवकर जात होते. शेवटी लक्षात आले की, तो आधी सर्व सेपरेटरांवर द्रव टाकून मग एकेक सेल बंद करीत असे. त्याने प्रत्येक सेलला द्रव टाकताच तो बंद करण्याची सवय लावली आणि फरक नाहीसा झाला.

कॅथोड वाळवताना तापमान ६० अंशांच्या वर नेऊ नये. निर्वातात गंधक हळूहळू उडतो आणि आपण मोजलेला गंधक प्रत्यक्षात कॅथोडवर राहत नाही. तसेच डिस्चार्ज १.७ व्होल्टच्या खाली नेत असाल, तर ते आधी थांबवावे. १.६ व्होल्टच्या आसपास नायट्रेट कॅथोडच्या कार्बनवरच नष्ट होऊ लागते, आणि आपल्याकडे ते मुळात अर्धा मिलिग्रॅम आहे.

पुन्हा : तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला सात आठवडे लागले, कारण सांगितलेले प्रयोग करूनच लिहावे असे ठरवले होते.

थेंब दोन्ही सेलमध्ये सारखाच होता, हे वाचून मी वही उघडून पुन्हा पुन्हा हिशेब केला. दोन वर्षे मी प्रमाण लिहीत होते, पण प्रत्यक्ष किती द्रव आणि किती नायट्रेट आत जाते याचा रकाना माझ्या वहीत नव्हताच. आता तो केला आहे.

संपलेले नऊ सेल उघडले. सेपरेटर जवळजवळ कोरडे होते आणि लिथियमच्या बाजूला पिवळट डाग होते. लिथियमची चकती उचलताना तिच्यावरचा करडा-काळा थर चिमट्याला भुकटीसारखा लागत होता. त्याखाली चकाकणारे लिथियम अजून बरेच शिल्लक होते. जुन्या कॅथोडला नवे लिथियम आणि नवे इलेक्ट्रोलाइट दिल्यावर तिन्ही सेलची क्षमता ४०० च्या खालून ८८० ते ९३० पर्यंत परत आली. जुन्या लिथियमला नवा कॅथोड दिला, तेव्हा सेल सुरुवातीला चांगले चालले, पण बारा-तेरा चक्रांतच पुन्हा तोच आडवा आलेख दिसू लागला. दोन्ही भाग जुने ठेवून फक्त इलेक्ट्रोलाइट नवे घातलेले सेल नऊ-दहा चक्रे चालून थांबले.

डिस्चार्ज मी १.७ व्होल्टलाच थांबवीत होते, त्यामुळे तिकडे चूक नव्हती. कॅथोडची जाडी मात्र १८० मायक्रोमीटर निघाली, म्हणजे आपण धरली होती त्याहूनही अधिक. रोलरमधून दाबून ती ११० वर आणली. पहिल्या डिस्चार्जमध्ये २.१ व्होल्टचा टप्पा थोडा खाली सरकला आणि क्षमता ९५० वर आली, पण हे सेल बावन्न चक्रांपर्यंत गेले. कोबाल्ट नसलेल्या त्याच कार्बनचा थर तसाच दाबला, तेव्हा तो टप्पा इतका खाली गेला की सेल पाचव्या चक्रापासूनच निम्मी क्षमता देऊ लागला. कोबाल्टचा उपयोग आहे हे मला पहिल्यांदाच असे समोर दिसले, आणि तेही ज्या सेलमध्ये मी त्याला निरुपयोगी ठरवणार होते त्याच प्रकारच्या सेलमध्ये.

मार्गदर्शकांना हे सर्व दाखवले. प्रबंधाचे तिसरे प्रकरण आता द्रवाच्या हिशेबावर असेल आणि त्यात उघडलेल्या नऊही सेलची माहिती जाईल. एक शंका उरते. नायट्रेट २ टक्क्यांऐवजी ५ टक्के घेतल्यास आयुष्य वाढेल हे उघड आहे, पण तसे केल्याने मी मूळ दोष केवळ पुढे ढकलते आहे का?

उत्तर : द्रावणातला माणूस

सेपरेटर कोरडे होते आणि जुन्या लिथियमने नवे इलेक्ट्रोलाइटही बारा चक्रांत संपवले, यावरून सच्छिद्र झालेले लिथियमच द्रव आणि नायट्रेट दोन्ही खात आहे, हे आता पुराव्याने म्हणता येते. माझ्या आधीच्या उत्तरात मी कॅथोडच्या जाडीचा विचार केला नव्हता, ती माझी चूक पाउच सेलच्या उत्तराने दुरुस्त केली.

५ टक्के नायट्रेट घेऊन दोष पुढेच ढकलला जाईल, हे आपले म्हणणे बरोबर आहे. तरीही तो प्रयोग करावा, कारण त्यातून खर्चाचा वेग मोजता येईल. २, ३.५ आणि ५ टक्के असे तीन प्रकार घ्यावेत, थेंब तोच ठेवावा आणि आडवा आलेख कितव्या चक्राला सुरू होतो ते पाहावे. नायट्रेटच्या वाढीबरोबर हा आकडा सरळ रेषेत वाढत गेला, तर दर चक्राला किती नायट्रेट जाते ते त्या रेषेवरून थेट काढता येईल. मध्येच रेषा वाकून आकडा वाढायचा थांबला, तर नायट्रेट शिल्लक असतानाच द्रव संपतो असा अर्थ होईल आणि तिथून पुढे नायट्रेट वाढवणे थांबवावे. दाबलेल्या आणि न दाबलेल्या, दोन्ही कॅथोडांवर हे करावे, म्हणजे कॅथोडने वाचवलेला द्रव लिथियमच्या किती चक्रांना पुरतो हेही त्याच आलेखात दिसेल. आकडे हाती आले की येथे अवश्य लिहावे. मी वाट पाहतो आहे.